अँटीबॉडी आल्या का हो?

पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीस वर्षं रक्त काढण्याचं काम केलं की दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र साठतात. दंडाला पट्टा आवळला की माणूस आपोआप बोलायलाच लागतो! पण कोरोनाची पहिली लाट ओसरल्यावर आमच्या पनवेलच्या लॅबमध्ये अँटीबॉडीची टेस्ट सुरू झाली आणि पुढचे काही महिने जो गोंधळ पाहिला, तसा आधी कधी पाहिला नव्हता. येणारे गोंधळलेले. आणि खरं सांगू? आम्हीही!

करंजाड्याचे एक रिटायर्ड काका होते. रिपोर्ट तयार झाल्यावर मी फोन करून म्हटलं, "काका, पॉझिटिव्ह आलाय." फोन कट!

अर्ध्या तासात काकू धापा टाकत लॅबमध्ये हजर. "अहो, ह्यांनी बेडरूमला आतून कडी लावलीय. ताट दाराबाहेर ठेव म्हणतात!"

मी पुन्हा फोन लावला. "काका, ही टेस्ट वेगळी आहे. पॉझिटिव्ह म्हणजे तुम्हाला कोरोना होऊन गेलाय. चांगलं आहे."

"आणि निगेटिव्ह आला असता तर?"

"तर बहुतेक अजून झालाच नाही, असं. म्हणजे तेही चांगलंच."

काका म्हणाले, "मॅडम, मग मी टेस्ट केली कशासाठी?"

मी आमच्या डॉक्टर मॅडमकडे पाहिलं. त्या मायक्रोस्कोपमध्ये डोकं घालून बसल्या.

एकदा सासू-सून जोडीने आल्या. रिपोर्टमध्ये सुनेचा आकडा सासूबाईंच्या कितीतरी वर. सासूबाई काउंटरवरून हलेनात. "रोज दोन वेळा काढा मी पिते, गुळण्या मी करते, आणि अँटीबॉडी हिला?"

सून हळूच म्हणाली, "आई, काढ्याची चव मीच बघते ना!"

तरीही सासूबाईंनी जाताना विचारलंच, "हे रिचेकिंगला देता येतं का हो?"

मग कळंबोलीचे एक ट्रान्सपोर्टवाले शेठ. फॉर्म भरला स्वतःच्या नावाने आणि सुई बघताच ड्रायव्हरचा हात पुढे केला!

"शेठ, टेस्ट तुमची आहे."

"एकच आहे हो मॅडम! आम्ही एकाच गाडीत फिरतो, एकाच डब्यात जेवतो. याला झाला असेल तर मलाही झाला असणार."

ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "शेठ, मला शुगरपण आहे. तीपण तुमच्या नावावर घेताय का?"

शेठनी डोळे मिटले आणि स्वतःची बाही वर केली.

माझी स्वतःची टेस्टही पॉझिटिव्ह आली. मला झाला कधी? एक दिवसही झोपून नव्हते! आठवून आठवून एवढंच आठवलं की मध्ये आठवडाभर कशालाच चव नव्हती. तेव्हाच मी जाऊबाईंच्या आमटीला अळणी म्हटलं होतं आणि त्यांनी बोलणं सोडलं होतं. रिपोर्ट घेऊन तडक त्यांच्याकडे गेले.

त्यांनी तो नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, "बरं. आणि दिवाळीत चकली मऊ पडली म्हणालीस, तो कुठला आजार होता?"

आणखी एक सांगते. आपटा गावाकडचे एक आजोबा मुलाबरोबर आले होते. लाटेत त्यांची बायको गेली होती. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी ती घरातच होती, आणि मुलांनी आजोबांना त्याच दिवशी मागच्या आळीत भावाकडे नेऊन ठेवलं. दहा दिवस. दहाव्या दिवशी ती गेली.

मुलगा मला म्हणाला, "आमचे बाबा सारखे विचारतात, मला झाला होता का? एकदा बघून टाका, म्हंजे डोक्यातून जाईल."

रिपोर्ट न्यायला दोघं आले. मी सांगितलं, "आजोबा, तुम्हाला होऊन गेलाय. आता काळजी नाही."

"कदी झाला?"

"ते यात कळत नाही."

"तिच्या आदी झाला असंल?"

"असू शकतो. नंतरही असू शकतो. खरंच सांगता येत नाही, आजोबा."

"पन झाला हाय ना? नक्की?"

"नक्की."

त्यांनी कागद दोन्ही हातांत धरला. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिले. मग मुलाकडे वळले. आवाज अजिबात चढला नव्हता.

"मलाबी झालता रं. मंग तुमी मला तिच्याजवल का नाय बसू दिला?"