कानबाईचा एक रोट

“ती काय करस म्हणे दिनभर? मांजरले जेवाडस, चिंध्या शिवस, आनि देवपुढे बसस. चोवीस वरीसमाच म्हतारी व्हई गई ती.”

मोठ्या काकूचा आवाज. मी भिंतीच्या अलीकडे, हातात गव्हाचं सूप. पलीकडे कोणीतरी हसलं. मला वाटलं मम्मी असेल, पण मम्मीचं हसू मला ओळखू येतं. ती माझी चुलत बहीण होती, काकूची मुलगी. तिला मी ताई म्हणते. तिचं गेल्या वर्षी लग्न झालं आणि ती आई-वडिलांसोबत आणि नवऱ्यासोबत सुरतेहून आमच्याकडे कानबाईसाठी आली होती.

मी आत जाऊन काही बोलले नाही. गहू निवडत राहिले. माझं हे नेहमीचंच आहे. शहाद्याच्या इंग्रजी शाळेत दहा वर्षं काढली, तिथे अहिराणी बोललं की दंड व्हायचा. घरी इंग्रजी बोललं की सगळे ‘मॅडम’ म्हणायचे. तेव्हापासून मी दोन्हीकडे कमीच बोलते. समजतं मात्र सगळं. लोक विसरतात, की गप्प बसणाऱ्या माणसालाही कान असतात.

काकूनं सांगितलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खोटा होता तो तिच्या बोलण्याचा सूर.

दोन वर्षांपूर्वी मी पुण्यातली नोकरी सोडून गावी परत आले. तेव्हा गावात, सुरतेत, मामाकडे, सगळ्यांना एकच प्रश्न पडला: काय झालं असेल? काही झालं नव्हतं. कुणी फसवलं नव्हतं, आजारपण नव्हतं. एका रविवारी मी तिथल्या खोलीत बसले होते आणि लक्षात आलं, की मला इथलं काहीच नको आहे. इतकंच. पण ‘इतकंच’ कुणालाच पुरत नाही. काहीतरी घडलं असतं तर त्यांनी मला माफ केलं असतं.

आता मी घरून थोडं भाषांतराचं काम करते. दुपारी जुन्या साड्यांचे तुकडे जोडून गोधड्या शिवते. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून तिथेच बसते. मागत काही नाही. बसणं मला आवडतं. आणि मांजर आहे. पप्पांनी नंदुरबारहून आणलेल्या लाल मिरचीच्या पोत्यामागे ती जन्मली. पहिले आठ दिवस ती आणि तिची आई दोघी शिंकत होत्या. आई निघून गेली, ही राहिली. भाकरीसुद्धा दुधात बुडवल्याशिवाय खात नाही. माझ्या पायावर पाय ठेवून झोपते. त्या वजनाला मी सुख म्हणते. दुसऱ्या कुणी म्हणावं अशी माझी अपेक्षा नाही. फक्त त्याला आजार म्हणू नये.

श्रावणातली कानबाई हा आमच्या घरचा सगळ्यात मोठा दिवस. रविवारी नारळाची देवी बसते. तिला नथ, हिरवी बांगडी, फुलांची वेणी. सोमवारी वाजत गाजत नदीवर जाते. यंदा देवीमागचा पडदा मी शिवला होता. मम्मीच्या, आजीच्या, काकूच्याही जुन्या साड्यांचे तुकडे घेतले होते. दीड महिना लागला. सगळ्यांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले. काकू म्हणाली, “हात भारी शे पोरना. सासरमा कामे येई.”

आणि रोट. आमच्याकडे रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं घेतात. माणशी पाच मुठी. काकांच्या नावाच्या पाच, पप्पांच्या पाच, भावाच्या पाळण्यातल्या मुलाच्याही पाच. माझ्या नावाची एक मूठ नाही, मम्मीच्या नावाची नाही. निवडायचे मात्र आम्ही. धुवायचे आम्ही, वाळवायचे आम्ही, दळून आणायचे, मळायचे, भाजायचे आम्ही. मग प्रत्येक पुरुषाच्या नावाचा एक जाड रोट होतो आणि त्याच्या घरच्यांनी त्यातून खायचं असतं. यंदा अकरा पुरुष, म्हणून अकरा रोट.

रोट भावकीच्या बाहेर जात नाही. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, जावयाला नाही. आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही नाही. काल घरची होती, आज परकी.

गहू निवडताना काकू माझ्याजवळ येऊन बसली होती. “औंदा रोट खाई ले पोटभर,” ती म्हणाली. “पुढला साल तू परकी.” तिच्या मनात कुठलंतरी स्थळ होतं. ती हसत होती. मला कळेना, की ही धमकी आहे की आशीर्वाद. तिला तरी कुठे माहीत होतं!

रविवारी दुपारी नैवेद्य झाला. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, पुरण, आणि टोपलीत पांढऱ्या कपड्याखाली अकरा रोट. टोपली देवीशेजारी ठेवली. सगळे पंगतीला बाहेर गेले. मी पडद्याचा एक टाका सुटला होता तो घालायला मागे वाकले होते, म्हणून मी तिथे आहे हे कुणाला दिसलं नाही.

काकू आणि ताई आत आल्या. काकूनं कपडा उचलला, एक रोट काढला आणि ताईच्या हातात दिला.

“खाई ले चटकन. कोनी देखाव नही.”

ताई उभ्यानंच खाऊ लागली. मोठे मोठे घास. सुरतेला तिचा फ्लॅट आहे, गाडी आहे, फ्रिजला दोन दारं आहेत असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. आणि ती ताई कोपऱ्यात तोंड करून कोरडा रोट गिळत होती आणि रडत होती. खाता खाता म्हणाली, “मम्मी, तिकडे कानबाई बसतच नाही गं. त्यांना माहीतच नाही.” काकूनं पदरानं तिचं तोंड पुसलं. तोंड पुसलं की डोळे, मला पडद्यामागून दिसलं नाही.

तेव्हा मला राग आला नाही. गहू निवडायच्या दिवशी मला हसलेली ताई ती हीच, तरी आला नाही. मी सुई-दोरा धरून तशीच बसून राहिले. ही गोष्ट माझ्याजवळच राहील, असं मी ठरवलं होतं.

सोमवारी देवी नदीवर पोचवून सगळे परत आले. अंगणात गुलाल, पायात चिखल, भूक लागलेली. काकांनी टोपली समोर घेतली आणि एकेकाचं नाव घेत रोट द्यायला सुरुवात केली. दहा झाले. अकरावं नाव पाळण्यातल्या भाच्याचं होतं. टोपली रिकामी.

 माझी वहिनी, भाच्याची आई, पांढरीफटक पडली. बाळाचा रोट कमी पडणं म्हणजे अपशकुन, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पप्पांनी कपडा झटकला. काकांनी टोपली उलटी केली.

काकूनं एक क्षणही शोधलं नाही. तिनं सरळ ओट्याकडे बघितलं. ओट्यावर मांजर पाय चाटत बसली होती.

“मांजरनीच खादा व्हई. दुसरं कोन खावाव शे?”

मग सगळे एकदम बोलू लागले. कालपासून ती देवघराच्या उंबऱ्याशी होती. हो, मीपण पाहिलं. आधीच सांगितलं होतं, घरात मांजर नको. देवीना रोट मांजरना तोंडमा गया, आता काय करानं? काकांनी उपाय काढला. जावई दुपारी गाडीनं सुरतेला निघणार होते, अक्कलकुव्यावरून. “गाडीमा टाका तिले. अक्कलकुवाना बजारमा सोडी द्या.”

“सीट कव्हर नवी आहेत हो,” जावई म्हणाले. “पोत्यात घाला म्हणजे झालं.”

काहीजण हसले. पोतं आलंसुद्धा. मिरचीचं रिकामं पोतं, ज्याच्यामागे ती जन्मली होती तसलंच. काकांनी तिला मानेला धरून उचललं. ती ओरडली नाही. ती माणसांना घाबरत नाही, कारण या घरात तिला कुणी घाबरवलंच नव्हतं. ती पोत्यात गेली आणि आतून शिंकली.

ट्रकच्या त्या रस्त्यावर, अनोळखी बाजारात, दुधात बुडवून भाकरी देणारं कोण होतं?

मी मम्मीकडे बघितलं. मम्मी खाली बघत होती. काकू माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत दया होती. खरंच दया. “एक मांजर गई तर काय व्हस, बेटा,” ती म्हणाली. “आते तरी जरा मानसंसमा मिसळ.”

मला जो राग आला तो रोटाचा नव्हता. तो त्या दयेचा होता. स्वतःच्या लेकीला चोरून घास भरवावा लागतो अशी रीत जिला चालते, जिची लेक कोपऱ्यात तोंड करून खाते आणि रडते, ती मला सांगत होती की माझ्या आयुष्यात काहीतरी कमी आहे. मी गहू निवडलेले. मी दळण आणलेलं. तिच्याच साडीचा तुकडा मी देवीच्या मागे लावलेला. आणि माझी मांजर पोत्यात.

ताई गाडीजवळ बॅग घेऊन उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ. तिनं बोलावं म्हणून वाट बघितली. एक शब्द पुरला असता. ती बॅगेची चेन लावत होती, लावून झालेली चेन पुन्हा उघडून लावत होती. तिला भीती वाटत होती, हे मला दिसत होतं. मला रोज वाटते तशीच भीती. म्हणून मी तिला दोष देऊ शकले नाही, आणि म्हणून राग आणखी वाढला.

काका पोत्याचं तोंड बांधू लागले.

मी ओट्यावरून खाली उतरले. अंगणात वीस-पंचवीस माणसं होती.  मी काकांच्या हातातून सुतळी ओढून घेतली. पोतं आडवं केलं. मांजर बाहेर आली, अंग झाडलं आणि माझ्या पायावर येऊन बसली. काका “ओ मॅडम!” म्हणाले आणि थांबले.

मग या अंगणात मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, आणि शाळेतली भाषा मला आठवलीच नाही.

“रोट मांजरनी नही खादा. ताईनी खादा. आनि तिले आजून एक द्या.”