चपलांवरचा हशा

मी एक सिनेमा दिग्दर्शित केलेला आहे. तो कुठे बघायला मिळेल असं विचारू नका. आमच्या कोलशेतच्या फ्लॅटमधल्या टीव्हीवर मिळेल, आणि त्यासाठी आधी आईची परवानगी लागते.

मूळ नाटक 'बिऱ्हाड नंबर साडेतीन'. डोंबिवलीत साठी उलटलेल्या कुणासमोरही नुसतं नाव काढा, माणूस तिथल्या तिथे संवाद म्हणायला लागतो! आईच्या हौशी ग्रुपने त्याचे एक्केचाळीस प्रयोग केले. शाळेच्या हॉलात, कल्याणच्या गणपतीत, आणि एकदा तर एका मुंजीत, बाजूला पंगती चालू असताना. गोष्ट साधीच आहे. बायकोवाले लोक पाणी जास्त वापरतात म्हणून फक्त एकट्या पुरुषांना खोली देणारी एक कजाग घरमालकीण, म्हणजे आई. आणि बायकोला आत लपवून एकटा असल्याचं सोंग करणारा भाडेकरू, म्हणजे बापूकाका. एवढं गाजलेलं नाटक, पण त्याचं रेकॉर्डिंग नाही की धड फोटो नाही. (एक फोटो आहे. त्यात आईचा अर्धा अंबाडा आणि बापूकाकांचं कोपर आलंय.)

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि आई डोंबिवली सोडून आमच्याकडे, सतराव्या मजल्यावर आली. आली आणि गप्प झाली. जेवायला बोलावलं की यायची, विचारलं की उत्तर द्यायची, आपणहून काही मागायची नाही. आणि मग एक दिवस बापूकाकांचा फोन आला. डोंबिवलीचं घर बंद करून ते कायमचे मुलीकडे इंदूरला निघाले होते. येत्या रविवारी, संध्याकाळी कल्याणहून गाडी.

आईने फोन ठेवला. म्हणाली, "नाटकातले आम्ही दोघंच उरलो होतो. त्यातला एक चालला." मग जरा थांबून, "अजय, तुझ्या त्या मोबाइलवर होईल का रे? सगळं नाटक नको. एकच प्रवेश. चपलांचा."

दोन वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट! नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण मी पडलो दिग्दर्शक. (नौपाड्यात दोन दिवसांचं मोबाइल फिल्ममेकिंगचं शिबिर केलेलं. सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलंय.)

"आई, नुसतं शूटिंग नाही करायचं. आपण माध्यमांतर करू!"

"म्हणजे काय करणार?" बायकोने, मेघनाने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"म्हणजे सगळं सटल."

"आईंना सांग आधी सटल," मेघना म्हणाली.

रविवारी दुपारी बापूकाका दोन बॅगा आणि एक वळकटी घेऊन हजर झाले. "वहिनी, चार वाजता निघायलाच हवं हं, गाडी थांबायची नाही," असं म्हणाले आणि वळकटी ठेवता ठेवता भूमिकेतच शिरले. मी मोबाइल घेतला. मेघनाने स्टँड पुढे केला, तो मी तुच्छतेने नाकारला. हातात कॅमेरा धरला की चित्रात जिवंतपणा येतो, असं शिबिरात सांगितलेलं.

पहिला घोळ आईच्या तोंडाचा. म्हणजे कुठे करायचं त्याचा! मी दिवाणखान्यात उभा राहिलो की ती माझ्याकडे तोंड करायची. मी वेगळा अँगल म्हणून स्वयंपाकघरात गेलो, तर ती गर्रकन वळून स्वयंपाकघराकडे.

"आई, माझ्याकडे बघू नकोस. बापूकाकांकडे बघ."

"प्रेक्षकांकडे पाठ करू? एक्केचाळीस प्रयोगांत नाही केली ती आज करू?"

"अगं, इथे प्रेक्षक नाहीत!"

"मग नाटक कशाला करतोयस?" मी बाथरूमच्या दारातून शूट करून पाहिलं. आईने बाथरूमकडे तोंड करून अख्खा संवाद म्हटला.

दुसरा घोळ आवाजाचा. "आई, सिनेमात हळू बोलायचं, माइक सगळं पकडतो," असं मी सांगितलं. तिने मान हलवली, पदर खोचला आणि शेवटच्या रांगेत पोचेल अशा आवाजात कडाडली, "आत्ताच्या आत्ता माझी जागा खाली करा! उचला ती वळकटी!"

तिसऱ्या मिनिटाला बेल वाजली. दारात सोसायटीचा वॉचमन. त्याच्या मागे समोरच्या फ्लॅटमधल्या सावंतबाई, आणि त्यांच्या मागे, हातात टीव्हीचा रिमोट तसाच घेऊन आलेले त्यांचे मिस्टर.

"साहेब, कंप्लेंट आलीये," वॉचमन म्हणाला. "कुणा म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढतायत म्हणे."

सावंतबाईंची नजर बापूकाकांच्या बॅगांवर गेली. मग वळकटीवर. मग माझ्यावर. "अहो, वडिलांच्या वयाचे आहेत ते! निदान चहा तरी पाजा!"

"काढत नाहीयोत, नाटक चालू आहे!" मी म्हणालो.

"म्हातारा माणूस दारात बॅगा घेऊन उभा, आणि नाटकं तुम्हीच करताय!"

बापूकाका छान मध्ये पडून खुलासा करतील असं मला वाटलं. पण त्यांना समोर तीन ताजे प्रेक्षक दिसले! त्यांनी डोळे पुसले आणि थरथरत्या आवाजात म्हणाले, "जातो मी. माझं काय, कुठेही पडेन." सावंतबाई रडायच्या बेतात आल्या. शेवटी आई हसली म्हणून माझी सुटका झाली. मग तिनेच तिघांना आत घेऊन सोफ्यावर बसवलं. "आता कसं, हॉल भरल्यासारखा वाटतोय!"

सव्वातीन वाजले. आता फक्त चपला. तो प्रवेश असा आहे. घरमालकीण खोली तपासायला येते आणि विचारते, "एकटेच ना?" भाडेकरू म्हणतो, "अगदी एकटा!" "मग चहाचे कप दोन कसे?" "एक निवला तर दुसरा असावा!" मग तिची नजर दाराशी काढलेल्या बायकी चपलांवर जाते. ती चपलांकडे बघते, त्याच्याकडे बघते, आणि विचारते, "आणि पाय निवले की या घालता वाटतं?"

"हसायचं, पण आवाज करायचा नाही," मी सोफ्याला बजावलं. सावंतांनी लगेच तोंडात रुमाल कोंबला. मी म्हणालो, "ॲक्शन!"

एकटेच ना झालं. दोन कप झाले. आईने चपलांकडे पाहिलं, बापूकाकांकडे पाहिलं. आणि थांबली. थांबली ती थांबलीच!

"पाय निवले की..." मी हळूच आठवण करून दिली.

"पाठ आहे मला!"

पुन्हा घेतला. पुन्हा तिथेच थांबली. तिसऱ्यांदा तिथेच. पावणेचार झाले. पंचाहत्तरीच्या बाईला विसरायला होतं, असं समजून मी मोठ्या समजूतदारपणाने म्हणालो, "आई, वाक्य कागदावर लिहून समोर धरू का?"

"वाक्य नकोय रे मला. हशा कुठाय?"

"काढा तो रुमाल," मी सावंतांना म्हणालो. "हसा सगळे!" तिघं हसले. वॉचमन तर ड्यूटी लागल्यासारखा हसला. आईने नकारार्थी मान हलवली. "हा नव्हे," म्हणाली आणि खुर्चीवर बसली. "जाऊ दे. राहू दे आता. बापूभावजींना उशीर होईल."

बापूकाकांनी मला बाजूला घेतलं. "अज्या, इथे भाऊ हसायचा. तुझा बाप."

आणि मला खाडकन आठवलं. तिसरी रांग, कडेची खुर्ची. आईने नुसतं चपलांकडे पाहिलं, की वाक्याच्या आधीच बाबा एकटे खो-खो हसत सुटायचे. अख्खा हॉल वळून बघायचा. शेजारी मी, इयत्ता चौथी, लाजेने खुर्चीखाली जायच्या तयारीत. आईचं वाक्य त्यांच्या हसण्यावर पाय देऊन यायचं. मग हॉल हसायचा. आणि घरी परतताना, प्रत्येक प्रयोगानंतर, तेच भांडण. "अहो, आधी का हसता? माझी गंमत फुटते!" "मला माहीत असतं ना पुढे काय आहे!" एक्केचाळीस वेळा हेच!

बाबांचे फोटो आमच्याकडे ढीगभर आहेत. हसण्याचा आवाज एकही नाही. तेव्हा लपत होतो, आता तो आवाज एकदा ऐकायला मिळावा म्हणून वाट्टेल ते केलं असतं. फार आठवण आली त्यांची, त्या भर दुपारी, हातात तो शहाणा मोबाइल धरून उभा असताना.

"आई," मी म्हणालो, "एकदाच. शेवटचा."

ती उठली, ती माझ्यासाठी म्हणूनच. एकटेच ना. अगदी एकटा. दोन कप. चपलांकडे पाहिलं. मग मान वर केली, आणि मी प्रथमच कॅमेऱ्यातून न बघता नुसतं तिच्या तोंडाकडे पाहिलं. डावी भुवई चढत होती. चौथीपासून ओळखीची भुवई! पुढे काय येणार ते मला माहीत होतं. मी ठरवून हसलो नाही हो, देवाशपथ. पोटातून आलं आणि फुटलं, खो-खो, वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

आणि आईचं वाक्य आलं. बंदुकीच्या गोळीसारखं. "आणि पाय निवले की या घालता वाटतं?" सोफा कोसळेल असे सगळे हसले. सावंतबाईंनी वॉचमनच्या पाठीवर थाप मारली. बापूकाका बॅग उचलून धावले, दारातून ओरडले, "वहिनी, बेचाळिसावा!" आईने लिफ्ट खाली जाईपर्यंत हात हलवला.

पुढच्या रविवारी टीव्हीवर पहिला खेळ लावला. सोफ्यावर सावंत मंडळी, व्हिडिओ कॉलवर इंदूरहून बापूकाका. एकटेच ना. दोन कप. आई चपलांकडे बघते, मान वर करते. आणि तिथून पुढे टीव्हीवर आई नाही, बापूकाका नाहीत, चपलाही नाहीत. मी हसताना वाकलेलो! पडद्यावर, बेचाळीस इंची टीव्हीभर, माझ्या उजव्या पायाचा अंगठा. नख वाढलेलं. अंगठ्यावर माझं हसणं, आणि त्यावरून आईचं वाक्य.

इंदूरहून बापूकाका पुटपुटले, "हुबेहूब भाऊ." आईने डोळे मिटले. "परत लाव," म्हणाली. तीनदा लावला. तिन्ही वेळा तिने डोळे मिटूनच ऐकला. मग डोळे पुसले, पदर सारखा केला आणि माझ्यावर अशी काही डाफरली, की दोन वर्षांनी घरात घर आल्यासारखं वाटलं.

"आधी का हसलास? माझी गंमत फुटली ना!"

"मला माहीत होतं ना पुढे काय आहे!" मी म्हणालो.

"माहीत होतं," आई म्हणाली, "तर मग अंगठ्याचं नख तरी कापायचंस!"