शेजाऱ्यांची उघडी बोटे

थंडीत घाट उतरताना हातमोजे खरोखर लागतात का?

रहिमतपूरचे माझे एक शेजारी दर हिवाळ्यात माझ्यासोबत स्वतःच्या मोटारसायकलने महाबळेश्वरला येत. वळणावळणाला थांबून दरी दाखवत आणि माझ्या हातमोज्यांना हसत. “आवं गुरुजी, मेंदी जपताय व्हय?”

यंदा सकाळी परतताना पसरणी घाटात ते माझ्यापुढे होते. वळण आले, तरी त्यांची गाडी मंदावली नाही. ती सरळ कठड्यावर आदळली. कठड्यापलीकडे दरी होती. मी धावलो. त्यांचा पाय मोडला होता आणि बोटे लाकडासारखी ताठली होती.

“ब्रेक दाबत हुतो, गुरुजी,” ते भेदरून म्हणाले, “बोटं मिटंचनात.”

मी माझे हातमोजे त्यांच्या हातांवर चढवू लागलो. पण ती ताठ बोटे हातमोज्यांत नीट शिरेनात.

वाचकहो, बर्फगार पाण्यात बोटे बुडवा, मग उभ्या गाडीचा ब्रेक दाबून स्वतःच खात्री करा.