खूण विचारणाऱ्या मंदाताई

मंदाताईंच्या दुकानात कुणी दुसऱ्याचा निरोप घेऊन आलं, की त्या आधी त्याचं सगळं ऐकून घ्यायच्या आणि मग शांतपणे विचारायच्या, "खूण काय सांगितली हाय?" नवखा माणूस गोंधळायचा. एकदा शेजारच्या औषधवाल्यानं माणूस पाठवून शिडी मागवली. माणूस ओळखीचा, औषधवाला वीस पावलांवर, आणि शिडी तर त्याचीच होती. तरी ताईंनी खूण विचारली. माणूस परत गेला, औषधवाला स्वतः चरफडत आला आणि शिडी घेऊन गेला. ताई म्हणाल्या, "रागावला. पन आता मला कळलं, शिडी त्यालाच हवी होती."

ही सवय त्यांच्या माहेरची. वडील धरमतरच्या धक्क्यावर बार्जवर कामाला होते. घरून काही हवं असलं की ते येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही पाठवायचे आणि बरोबर एक खूण सांगायचे. 'सकाळी मांजरानं दूध सांडलं म्हणून सांग.' हे ऐकलं की आई मुकाट्यानं डबा, सदरा, जे मागितलं असेल ते काढून द्यायची. खूण दर वेळी नवी लागायची. कालचीच खूण कुणी सांगितली तर आई त्याला पाणी द्यायची आणि रिकाम्या हातानं परत धाडायची. "जुनी खूण धक्क्यावर सगळ्यांनी ऐकलेली असते," असं ताई सांगायच्या.

ताई रोह्याला एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात बरीच वर्षं होत्या. तिथं साहेबांशी पटेना, म्हणून राजीनामा दिला आणि पेणला रामवाडीत वेबसाइट बनवण्याचं दुकान टाकलं. पटेना हे साहेबांचं म्हणणं. ताई म्हणायच्या, "पटत होतं, मी बोलून दाखवत होते येवढंच." पेणच्या गणपतीच्या कारखानदारांच्या वेबसाइटी बऱ्याचशा त्यांच्याच हातच्या. मी रोह्याहून गाडीनं जायचो आणि त्या वेबसाइटींचा मजकूर लिहायचो, म्हणून मला त्या 'मास्तर' म्हणत. मी एका मूर्तीला सुबक, मनोहारी आणि नयनरम्य अशी तीन विशेषणं लावली, तर म्हणाल्या, "मास्तर, मूर्ती एकच हाय ना? मग एक ठेवा." कोणतं ठेवायचं हे मात्र त्याच ठरवायच्या. मी चिडायचो आणि मग त्यांचंच बरोबर निघायचं, त्यानं आणखी चिडायचो.

त्यांच्या गिऱ्हाइकांत तात्या म्हणून एक जुने मूर्तिकार होते. त्यांच्या कारखान्यात सुरेखा नावाची बाई डोळ्यांची आखणी करायची. मूर्तीचं सगळं काम झालं की शेवटी डोळे, आणि तो हात सगळ्यांना नसतो. सुरेखाला फोटो काढायचीही आवड होती, म्हणून मूर्तींचे फोटो वेबसाइटवर लावायचं काम तात्यांनी तिच्याकडे दिलं. वेबसाइटच्या आत शिरून मजकूर-फोटो बदलायचं एक तयार सॉफ्टवेअर असतं. त्यात शिरायचं तिचं वेगळं नाव आणि पासवर्ड ताईंनी करून दिला होता. सुरेखाला त्याचा फार अभिमान होता.

परदेशी जाणाऱ्या मूर्तींच्या ऑर्डरी सुरू झाल्या आणि ऐन त्या दिवसांत तात्यांची वेबसाइट उघडली तर एकही मूर्ती नाही. पहिल्याच पानावर कसल्याशा जुगाराची जाहिरात. कोणी काय बदललं याची नोंद ते सॉफ्टवेअर ठेवतं. तिथं स्वच्छ लिहिलं होतं, सगळे फोटो काढले सुरेखानं. तिच्या नावानं, कारखान्यातल्याच कॉम्प्युटरवरून, भर दुपारी. तात्यांनी सगळ्या कारागिरांसमोर तिला सांगितलं, "उद्यापास्नं येऊ नको." ती ब्रश धुऊन निघून गेली. संध्याकाळपर्यंत पेणमध्ये बातमी पसरली, की दुसऱ्या कारखान्यानं तिला फितवलं.

ताईंनी जपून ठेवलेल्या प्रतीवरून फोटो तासाभरात परत लावले. तिथं थांबल्या असत्या तर कुणी काही म्हणालं नसतं. पण त्या स्क्रीनकडे बघत बसल्या. मी म्हटलं, ताई, चला, चहा घेऊ. तर म्हणाल्या, "मास्तर, फोटो काढायचं बटन ज्या पानावर हाय ते पान तिनं उघडलंच नाय. पान न उघडता बटन दाबलं कसं?" मला काय कळणार. मी एकटाच चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन तात्यांच्या कारखान्यात गेल्या. तात्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं, वेबसाइटची एक नक्कल केली होती, तिच्यात त्यांच्या नावानं शिरायला लावलं. मग म्हणाल्या, "आता बाजूला ही लिंक उघडा." तात्यांनी उघडली. फणसाचं चित्र आलं. "फणस हाय," तात्या म्हणाले. "बरा हाय ना? आता तुमची वेबसाइट बघा." नकलेतले सगळे फोटो गेले होते आणि नोंदीत नाव होतं तात्यांचं.

"का काढलेत फोटो, तात्या?" ताईंनी विचारलं.

"मी? मी तर फणस बघत व्हतो." कारागीर हसायला लागले. तात्या हसले नाहीत.

मग ताईंनी त्यांना समजावून सांगितलं. "तुमी तुमच्या नावानं आत होतात. फणसाच्या पानानं तुमच्या कॉम्प्युटरच्या तोंडून निरोप धाडला, सगळे फोटो काढा. निरोप घरातून आला, तुमच्या नावानं आला, म्हणून वेबसाइटनं ऐकला. नाव तुमचं, पन तुमाला ठावं नाय. खरं तर आपल्या पानावरच्या बटनाबरोबर दर वेळी नवी खूण जाते. बाहेरच्याला ती ठावी नसते. फोटोंसाठी बाहेरून आणलेला जो जोडतुकडा, प्लगइन, लावला हाय, तो खूणच मागत नव्हता." फोटो गेले त्या दिवशी कारखान्याच्या ईमेलवर कुणा अनोळख्याचं पत्र आलं होतं, की तुमच्या मूर्तींचे फोटो चोरून इथं लावलेत, बघा. सुरेखानं आपल्या नावानं वेबसाइटच्या आत असतानाच ते बघितलं, इतकंच. फोटो काढून जाहिरात लावायचा निरोप त्या पानानं धाडला. तात्यांच्या मूर्ती कुणी चोरल्या का हे बघायला ती गेली होती.

इथंही थांबता आलं असतं. पण ताई पुढं म्हणाल्या, "प्लगइनवाल्यांनी ही चूक सुधारून दिली होती. ती सुधारणा माझ्याकडं येऊन पडली होती. हंगाम झाल्यावर लावू म्हटलं नि ठेवून दिली. ही चूक सुरेखाची नाय, माझी हाय." सगळ्यांसमोर म्हणाल्या, कारण सुरेखाला सगळ्यांसमोर घालवलं होतं. मला वाटलं, कशाला बोलल्या. पुढच्या वर्षी तात्यांनी आपली वेबसाइट पनवेलच्या माणसाकडे दिली आणि त्यांच्यामागून आणखी काही कारखानदार गेले.

त्या दिवशी कारखान्यात तात्या म्हणाले, "तिला सांगा, ये म्हणावं." ताई म्हणाल्या, "मी तुमचा निरोप न्यायची नाय. तुमी जा. मी माझं सांगायला जाते."

आम्ही त्यांच्या स्कूटरवरून तसेच खाडीकडच्या तिच्या गावाला गेलो. सुरेखा अंगणात सुकट निवडत होती. ताईंनी फणसापासून स्वतःच्या चुकीपर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं, हिला आता रडू येईल. ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "ताई, मला कोणी विचारलंच नाय. तू केलंस का, असं येक मानूस बोललं नाय. तुमीपन फोन केला नाय."

"नाय केला," ताई म्हणाल्या.

"आता कॉम्प्युटरनं सांगितलं म्हनून आलात. त्यात काय सापडलं नसतं, तर आला असतात?"

मी काहीतरी सारवासारव करायला लागलो, तर ताईंनी मला हातानं थांबवलं. आम्ही उठलो.

तात्या तिच्याकडे जाऊन आले, गयावया करून आले, पण सुरेखा आली नाही. मूर्ती बिनडोळ्यांच्या, तशाच रांगेत उभ्या. मग एका सकाळी ती आपणहून आली आणि ब्रश घेऊन बसली. आपण समजूत काढली म्हणून आली, असं तात्या अजूनही सांगतात. मीही तेच धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी मंदाताई गेल्या. हृदयाचा झटका आला, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मला अजून एखाद्या मजकुरात दोन विशेषणं लागोपाठ आली की हात थांबतो आणि फार एकटं वाटतं. शोकसभेत तात्यांनी फणसाची गोष्ट सांगितली, लोक डोळे पुसत हसले. त्या किती हुशार होत्या, यावर सगळे बोलले.

सभा संपल्यावर सुरेखा माझ्याजवळ आली. म्हणाली, "त्या परत आलेल्या माझ्याकडं. येकट्याच. तुमाला बोलल्या नसतील."

मी नाही म्हटलं.

"मी विचारलेलं ना, सापडलं नसतं तर आला असतात का. त्याचं उत्तर द्यायला आलेल्या."

"काय म्हणाल्या?"

"नसते आले, म्हनाल्या." सुरेखानं पदर सावरला. "दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले."