दहा हजारांच्या आत

ओइगेन श्टेग्माइरने आयुष्यात एकतीस कोऱ्या करकरीत गाड्या घेतल्या, आणि बायकोला समुद्रावर न्यायचं तेवढं त्याच्याकडून राहून गेलं. हे ऐकून कुणी म्हणेल, माणूस कवडीचुंबक असणार, नाहीतर दुष्ट. तसं काही नाही हो. जर्मनीतल्या आमच्या झिंडेलफिंगनमध्ये असे ओइगेन गल्लीगणिक सापडतील, आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलेले दिसतील.

आमच्या गावात कारखाना म्हटलं की कुठला, हे विचारायचं नसतं. बॉनेटवर तारा मिरवणारी ती गाडी बाकीच्या जगात शेठ लोकांची आणि मंत्र्यांची. इथे ती शेजारच्या फिटरचीसुद्धा. कारखान्यात काही वर्षं मुरलेल्या माणसाला दरवर्षी एक नवी गाडी सवलतीत मिळायची. वर्षभर ती वापरायची, मग उत्तरेकडचं कुणी गिऱ्हाईक शनिवारी येऊन ती घेऊन जायचं, आणि आलेल्या पैशात आपण पुन्हा नवी आणायची. अट एकच, गाडी फार चाललेली नको. दहा हजार किलोमीटरच्या आत असली तर गिऱ्हाईक डोळे मिटून घेई, वर गेली की नाक मुरडे. त्यामुळे ‘दहा हजारांच्या आत’ हे शब्द आमच्याकडे प्रार्थनेइतके पाठ. गाव त्या ताऱ्यावर इतकं गब्बर झालं की रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टेसुद्धा नगरपालिकेने संगमरवराचे बसवले. आता बोला!

ओइगेनचा बाप याच कारखान्यात होता, पहिल्या महायुद्धात इथे विमानं बनत तेव्हापासून. दुसऱ्या युद्धात बॉम्ब पडून सगळ्याचा ढिगारा झाला, तर बापाने तो ढिगारा उपसायला हात लावला. ओइगेन वीस वर्षांचा झाल्यावर दारं बसवायच्या विभागात लागला आणि चाळीस वर्षं त्याने दारंच बसवली. दार लागताना ‘ढब्ब’ असा भरलेला आवाज आला पाहिजे, पत्र्यासारखं वाजलं की काढा आणि पुन्हा बसवा. डोळे बांधून उभं केलं तरी तो आवाजावरून सांगायचा, हे डावं मागचं, आणि बिजागरीत केसभर फरक आहे.

त्याच्या घरात कॅलेंडर लागत नसे, गाड्यांवरून वर्षं कळत. शेपटीला पंख असलेली निघाली तेव्हा रोझविताशी साखरपुडा. चौकोनी अंगाची आली तेव्हा मुलगी झिल्के जन्मली. सगळ्यांच्या तोंडी झालेली ती भक्कम गाडी, जिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत थांबत, ती आली तेव्हा सासू वारली. चार गोल डोळ्यांची आली त्या साली ओइगेनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कारखान्याचा इतिहास त्याला तोंडपाठ होता, घरचा मात्र त्याला बायकोला विचारावा लागे.

गाडी तो तळहातावरच्या फोडासारखी जपायचा. कामाला कारखान्याच्या बसने, बाजाराला बायको पायी. रविवारी बारा किलोमीटरवर मावशीकडे, तेही आभाळ स्वच्छ असेल तर. सीटवर प्लास्टिक, त्यावर टॉवेल, त्यावर रोझविता. झिल्के लहानपणी एकदा गाडीत ओकू लागली तर हा ओरडला, “बाहेर! बाहेर ओक!” आणि दार उघडून पोरीला अर्धी बाहेर धरली. पोरगी आता हाम्बुर्गला असते आणि सायकलवरून फिरते.

रोझविता बेकरीत काम करायची. गोलमटोल, मिश्कील बाई. तिच्या स्वयंपाकघरात औषधाच्या दुकानातून मिळालेलं एक जुनं चित्र होतं: इटलीतल्या ग्राडोचा समुद्र, पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या, लांबवर एक होडी. दरवर्षी नवी गाडी दारात लागली की ती पदार्थ ढवळता ढवळता विचारायची, “काय मालक, ही तरी समुद्रापर्यंत जाते की हिलाही पाण्याची भीती वाटते?”

“पुढच्या गाडीला नक्की,” ओइगेन म्हणायचा.

“पुढच्या गाडीच्या पुढच्या गाडीला,” ती म्हणायची आणि हसायची. ती हसते म्हणजे तिला चालतंय, असं तो धरून चालला. इथेच माती खाल्ली त्याने.

एकदा मात्र निघाले होते. एक्क्याऐंशी की ब्याऐंशी साल, गाडी चंदेरी. मीटर आठ हजार आठशे पन्नासवर. ओइगेनने नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजलं, ग्राडो साडेसातशे. आठ हजार आठशे पन्नास आणि साडेसातशे, नऊ हजार सहाशे. दहा हजारांच्या आत! स्वतःवर खूश होऊन त्याने बायकोला उचलूनच धरलं. रोझविताने बटाट्याचं सॅलड केलं, कटलेट तळले, निळा पोहण्याचा पोशाख आणला आणि तो घरात घालून दाखवला.

केम्पटेनच्या अलीकडे हमरस्त्याच्या विश्रांतीथांब्यावर ते थांबले. समोर डोंगरांवर बर्फ चमकत होता. रोझविता गाडीबाहेर उभी राहून कटलेट खात होती, कारण आत खायचं नाही असा नियम. आणि ओइगेन मीटरकडे बघता बघता पांढराफटक पडला.

“काय झालं? छातीत दुखतंय?” तिने घाबरून विचारलं.

“रोझविता, आपण जायचं अंतर मोजलं. यायचं मोजायचं राहिलं.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! जाऊन येऊन दहा हजार ओलांडत होते, तेही जेमतेम साडेतीनशेने. रोझविताने उरलेलं कटलेट कागदात गुंडाळलं, हात पुसले, बूट झटकून आत बसली. “चल मग,” म्हणाली. ओइगेनला वाटलं, किती समजूतदार बायको! त्याने गाडी घराकडे वळवली. पुढच्या शनिवारी ब्रेमेनचा एक दातांचा डॉक्टर गाडी घेऊन गेला, भाव फक्कड आला. पोहण्याचा निळा पोशाख नंतर कुणी बघितला नाही.

असे दिवस गेले. ओइगेन निवृत्त झाला, तरी निवृत्तांनाही गाडी मिळे, म्हणून घेत राहिला. एकतिसावी गाडी काळीभोर होती, आतून बदामी. ती दारात असतानाच रोझविताचे पाय सुजू लागले. जिना चढताना तिला दम लागे. ब्योब्लिंगनच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी ओइगेनला बाजूला बसवून सांगितलं, “हृदय थकलंय, श्टेग्माइर साहेब. आता काही महिनेच म्हणा. त्यांना जे आवडतं ते करू द्या.”

ओइगेन पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसला. तिला काय आवडतं? ब्रेत्सल, म्हणजे बेकरीतला तो खारा वेटोळा पाव, आवडतो, आणि समुद्र. आणखी काय, ते काही केल्या आठवेना. एकोणीसशे बावीस साली कोणत्या गाडीला कसले ब्रेक होते हे सांगणारा माणूस, पण बायकोच्या आवडीचं तिसरं नाव सापडेना. त्याला स्वतःची शरम वाटली. इतकी, की शेजारच्या गाडीतल्या बाईने बघू नये म्हणून त्याने सावलीची पट्टी खाली ओढली.

शनिवारी ठरल्याप्रमाणे हॅनोव्हरहून म्योलनहाउअर नावाचं गिऱ्हाईक आलं, गळ्यात मफलर, हातात टॉर्च. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून चाकं बघितली, दार उघडलं, लावलं. ढब्ब. मग आत डोकावून खूश झाला.

“वा! चार हजार शंभर फक्त? आणि ही शेजारची सीट बघा! या सीटवर आजवर कुणी बसलंच नाही असं वाटतं!”

त्या बिचाऱ्याने कौतुकच केलं होतं. पण ओइगेनच्या काळजात ते आरपार गेलं. एकतीस गाड्या, एकतीस सीटा, आणि प्रत्येकीचं असंच कौतुक झालेलं. त्या प्रत्येक वेळी त्याची मान ताठ झाली होती.

“विकायची नाही,” तो म्हणाला.

“काय म्हणालात?”

“गाडी विकायची नाही. माझी बायको बसणार आहे त्यात.”

“अहो, पाचशे किलोमीटरवरून आलोय मी! फोनवर शब्द दिला होतात!”

“दिला होता. माझं चुकलं. कॉफी घेऊन जा.”

म्योलनहाउअर काही कॉफीला थांबला नाही. जाता जाता म्हणाला, “तुम्ही इकडची, श्वाबेनची माणसं म्हणजे...” आणि पुढचं त्याने दार आपटून सांगितलं. ओइगेनने आत जाऊन सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोंगर नको, दम लागेल. पण रोझविताबाईंचाच हट्ट असेल तर सावकाश जा. रोझविताने स्वेटर घातला आणि ओइगेनकडे टक लावून बघत राहिली. जणू या माणसाला कुणीतरी बदलून आणलं होतं.

मे महिन्यात ते ग्राडोला निघाले. बेकरीतून लोणी लावलेले दोन ब्रेत्सल घेतले. उल्मपर्यंत रोझविता खिडकीतून बघत गाणं गुणगुणत होती. नंतर ती गप्प झाली. केम्पटेनच्या अलीकडे तिचे ओठ निळसर दिसू लागले, म्हणून ओइगेनने त्याच थांब्यावर गाडी घेतली. तेच झाडांचे शेंडे, तोच बर्फ.

त्याने तिला ब्रेत्सल दिला. ती दाराच्या हँडलकडे हात नेऊ लागली.

“आत खा,” तो म्हणाला.

“आत?”

“आतच खा.” आणि त्याला रडू आवरेना. “रोझविता, त्या दिवशी इथून परत फिरवलं मी तुला. साडेतीनशे किलोमीटरसाठी. मी गाढव आहे.”

“गाढव निदान माल वाहतं, तू नुसता हिशेब वाहिलास,” ती म्हणाली. मग थोडा वेळ श्वास गोळा करून बोलली, “ओइगेन, समुद्र मी पाहिलाय रे.”

“कधी?”

“एकोणनव्वद साली. व्यायामाच्या वर्गातल्या बायकांबरोबर बसने. तुला सांगितलं होतं की उल्मला बहिणीकडे चार दिवस जाते. परत आले तेव्हा तू अंगणात गाडीला पॉलिश करत होतास. मान वर न करता विचारलंस, ‘बहीण बरी?’ मी म्हटलं, ‘बरी.’ बुटातली वाळू रस्त्यावरच झटकून आले होते. नाहीतर तू विचारलं असतंस, गाडीत नाही ना सांडली.”

ओइगेनला हसावं की मरावं कळेना. “मग सतरा वर्षं समुद्र, समुद्र का करत होतीस?”

“समुद्राचं काय घेऊन बसलास, वेड्या? पाणी आहे, खारट आहे. बसमध्ये शेजारी शूस्टरबाई होती, सबंध रस्ता गुडघ्यांबद्दल बोलत होती. मला तुझ्या शेजारी बसून जायचं होतं. तू गाडी चालवावीस आणि मी बघत राहावं. इतकंच.”

तिने ब्रेत्सलचा एक घास घेतला. तुकडे आणि मिठाचे खडे बदामी सीटवर सांडले. सवयीने तिचा हात ते गोळा करायला गेला, तसा ओइगेनने तो हात धरला.

“पुढे जाऊया ना?” त्याने विचारलं. “अजून पाचशे साठ आहेत. येतानाचेही मोजलेत या वेळी.”

रोझविता डोंगरांकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली. “नाही रे. मला दम पुरायचा नाही. परत फिरव.”

“रोझविता...”

“या वेळी मी सांगतेय. फिरव. पण सावकाश चालव, घाई नाही.”

दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ना. त्या दिवशी चणे ओंजळभर होते. परतीच्या रस्त्यावर तो इतका सावकाश गेला की मागचे ट्रक भोंगे वाजवत होते, आणि ती त्याच्याकडे बघत होती. घर येईपर्यंत त्याने मीटरकडे एकदाही पाहिलं नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रोझविता गेली.

शरद ऋतूत कारखान्याचं पत्र आलं, बत्तिसाव्या गाडीसाठी. ओइगेनने नको म्हणून कळवलं. गावाला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. काळी गाडी अंगणात उभी असते. शनिवारी तो अजून ती बाहेरून धुतो, इमारतीचा जिना झाडायची आपली पाळी आली की तोही झाडतो. मग गाडीत जाऊन बसतो. कुठे जात नाही.

परवा शेजारच्या शूस्टरबाई काठी टेकत आल्या, खिडकीतून डोकावल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “अगं बाई, ओइगेन! त्या सीटवर काय हे तुकडे, लोण्याचा डाग! थांब, माझा व्हॅक्यूम आणते.”

“हात लावू नका!” तो इतक्या जोरात ओरडला की बाई दोन पावलं मागे सरल्या.

“अरे, पण डाग बसेल कायमचा!”

“बसू दे,” ओइगेन म्हणाला. “त्या सीटवर कुणीतरी बसलं होतं.”