बुडाच्या टोपल्या

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा नेहमी घोळ होतो, त्याची माफी असावी. माझी शाळा चौथीत सुटली. माणूस गेला की पेपरात त्याच्याबद्दल लिहून येतं, ते मी वाचते. प्रकाशभाऊजींबद्दल तसं कोणी लिहिणार नाही, म्हणून मीच बसले. दीर माझे ते. महिना झाला त्यांना जाऊन. शेवटचं भेटलो ते आदिलाबादच्या दवाखान्यात. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे. माझे मालक औषध आणायला खाली गेले, तसं भाऊजींनी उशीखालून घडी केलेल्या नोटा काढून माझ्या मुठीत कोंबल्या. "वहिनी, टोपल्याचे आहेत. दादाले द्या. पण आता नाही. माह्या तेरवीले, लोकं जेवाले बसले का मंग." मी म्हटलं, "भाऊजी, लोकांसमोर मले नाही जमत." ते हसले. "मले तरी कुठं जमलं?"

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी लग्न होऊन जैनथला नवीनच आले होते. आमची भाजीची वाडी कॉलेजच्या मैदानाला लागून, मध्ये फक्त काट्यांचं कुंपण. भाऊजी त्याच कॉलेजात शिकत. त्या वर्षी तिथे पहिल्यांदाच मुलांची बास्केटबॉलची टीम झाली. दोन खांब रोवले, पण वरच्या लोखंडी रिंगा पुढच्या साली येणार. मग खेळाचे सर म्हणाले, टोपल्या बांधा, अमेरिकेतल्या कॉलेजांत सुरुवातीच्या साली असंच खेळत... फळांच्या टोपल्या टांगायचे, त्याही बुडासकट. बॉल आत पडला की कोणीतरी शिडी लावून काढायचा. भाऊजींना याचं केवढं अप्रूप! रात्री जेवताना सांगत बसले. "वहिनी, तिकडं मोठमोठ्या कॉलेजवाल्यायनं टोपल्यायपासूनच सुरू केलं. आपल्यापाशी तर टोपल्याच टोपल्या आहेत." मालकांनी मान वर न करता सांगितलं, "ने. पण सकाळी बजारात माल भरून गेल्या पाह्यजे. बुड कापलं त तुहं नाक कापीन."

तो सगळा हिवाळा मी वांगी तोडता तोडता कुंपणाआडून पाहिला. बॉल टोपलीत पडायचा आणि तिथेच राहायचा. पोरं कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी राहायची. एकजण शिडी आणायचा, चढायचा, बॉल खाली टाकायचा, मग सर मधल्या चुन्याच्या गोलात तो पुन्हा उडवायचे. भाऊजी लांबून टाकत आणि बॉल बरोबर आत. टाकला की वळून कुंपणाकडे पाहत. मी पदराआड हसायची. त्या घरात मला बघून खूश होणारं दुसरं माणूस नव्हतं.

मग आदिलाबादच्या मोठ्या कॉलेजशी सामना ठरला. आम्ही टमाटर घेऊन बाजारात गेलो होतो. मालकच म्हणाले, चल, आपल्या साहेबाचा खेळ पाहू. तिथे खऱ्या रिंगा होत्या, खाली मोकळी जाळी. पहिला बॉल भाऊजींनीच टाकला. आत गेला. आणि आमची पाचही पोरं थांबली... कमरेवर हात ठेवून. सरांनी समजावलं होतं, पोरांना माहीतही होतं, पण पाय ऐकेनात. बॉल जाळीतून खाली आला, समोरच्यांनी उचलला आणि पळत जाऊन इकडे टाकलाही. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी बॉल पडला की आमचे उभे. लोकांना आधी काय चाललंय ते कळत नव्हतं. ते कळवलं मालकांनी. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "अरे शिडी आणा बे कोणी! आमच्या गड्यायले शिडी पाह्यजे!" सगळं मैदान हसलं. मग टाळ्यांच्या ठेक्यावर सुरू झालं... शिडी! शिडी! भाऊजींनी आवाज ओळखला. आमच्याकडे पाहिलं. त्यानंतर त्यांनी बॉलला हात लावला नाही.

घरी आले ते सरळ गोठ्यात गेले आणि विळ्याने दोन्ही टोपल्यांची बुडं कापली. मालकांनी नाक कापलं नाही. एवढंच म्हणाले, "टोपल्याचे पैसे कोण देईन?" आणि एक टोपली आमच्या भाजीच्या दुकानात खिळ्याला टांगली, गिऱ्हाइकांना दाखवायला. दुसरी पावसात कुजली. भाऊजींनी कॉलेज सोडलं, मुधोळला एका दुकानावर कामाला लागले. पण गावात नाव शिडीच पडलं. त्यांच्या लग्नात मांडवात कोणीतरी खरीच शिडी आणून उभी केली होती. सणाला आले की मालक त्यांच्या बायकोसमोर, पुढे लेकरांसमोर विचारायचे, "काऊन बे शिडी, टोपल्याचे पैसे आणले काय?" "देतो दादा," भाऊजी म्हणायचे. कधी दिले नाहीत. पुढे दारू लागली.

ती टोपली आता दुकानात नाही. मी लिहिते आहे तिथे, माझ्या समोर आहे. कशी आली, ते सांगून थांबते.

तेरवीला पंगत बसली. मालक वरण वाढता वाढता सांगत होते, "आमचा परकाश म्हंजे... बॉल पडला का उभाच!" लोक हसले. जाऊबाई खाली मान घालून पत्रावळीकडे पाहत होती. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि दोन पंगतींच्या मधून चालत गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

"काय व?" मालक म्हणाले.

"टोपल्याचे," मी म्हटलं. "भाऊजींनं देल्ले. दोन्हीचे."

मी नोटा पुढे केल्या. मालकांनी वरणाचा गंज खाली ठेवला, हात धोतराला पुसला, सवयीने अंगठ्याला थुंकी लावली आणि नोटा मोजल्या. बरोबर होत्या. मग मी दुकानात गेले आणि खिळ्यावरची टोपली काढून घरी आणली.