सुवचनवाल्या भाऊंना भरिताचं आमंत्रण

मुक्ताईनगरच्या अलीकडे, केळीच्या बागांमधल्या एका गावात लीलाधरनाना पाटील राहतात. माणूस मनाचा चांगला, पण तोंडाचा फाटका. गेल्या हिवाळ्यात त्या तोंडातून एक वाक्य सांडलं आणि घरातली बोलाचाल बंद पडली.

झालं असं की लेकीच्या, रूपालीच्या, सासरची माणसं भरीत खायला आली होती. आमच्याकडे थंडीत व्याह्यांना भरीत-पुरी खाऊ घालणं म्हणजे घराच्या अब्रूचा प्रश्न. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची आणि बडगीत, म्हणजे खोलगट लाकडी भांड्यात, हाताने ठेचायची. त्या दिवशी नानांच्या बायकोने, कुंदाबाईंनी, ती मिक्सरला लावली. नानांनी पहिला घास घेतला आणि भरल्या पंगतीत म्हणाले, "हे भरीत नाही, बोळक्या म्हाताऱ्याची पेज हाये!" व्याही पोट धरून हसले. कुंदाबाई हसल्या नाहीत, आणि तेव्हापासून नानांशी बोलल्याही नाहीत. चहा झाला तरी भिंतीला सांगायच्या, "चहा ठेवलाय."

आता नानांना बोलल्याशिवाय अन्न पचत नाही. त्यांनी मोबाइल धरला आणि त्यांना 'सुवचनधारा' सापडली. या खात्यावर खाली काहीही लिहा, कुठल्यातरी पुस्तकातलं एक वाक्य आपोआप उत्तर म्हणून यायचं. हे सगळं यंत्र करतं असं वर ठळक लिहिलेलं होतं. पण नाना फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं वाचत नाहीत, ते हे कशाला वाचतील?

"राम राम भाऊ," नानांनी लिहिलं.

"प्रत्येक नमस्कारात थोडा निरोप असतो," उत्तर आलं.

नाना हरखले. शिकलेला माणूस दिसतो! "जेवन झालं का?"

"भूक ही माणसाची पहिली भाषा आहे."

शिकलेला आहे, पण उपाशी आहे बिचारा. "गाव कोन्तं तुमचं?"

"ज्याचं घर शब्दांत, त्याला गाव कशाला?"

म्हणजे घरदारही नाही! नानांनी लगेच लिहिलं, "मंग या ना भाऊ, गुरुवारी भरीत खायले. नाही म्हनू नका."

"वाट पाहणाऱ्याच्या दारात एक दिवस पाऊल वाजतंच."

"येऊ राह्यले!" नाना पलंगावरून उठलेच. मग त्यांना आठवलं की भरीत करणारं माणूस आपल्याशी बोलत नाही. तेही भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "गुरुवारी पाहुना येऊ राह्यला." कुंदाबाईंनी भिंतीकडेही पाहिलं नाही.

आमंत्रण तर देऊन बसलेले. गुरुवारी नानांनी स्वतःच अंगणात काड्या पेटवल्या, वांगी भाजली, फडताळावरची बडगी काढली आणि ठेचायला बसले. आधी मनगट भरून आलं, मग कोपर, मग खांद्यातून अशी कळ गेली की मुसळी हातातून सुटली. अजून निम्मी वांगी शिल्लक होती. जन्मभर त्यांनी या बडगीतलं भरीत चापलं होतं, वर नावंही ठेवली होती. कुंदाबाई रोज खांद्याला तेल चोळायच्या, तेव्हा नाना वासाने नाक मुरडायचे. वांग्याच्या सालपटांत बसल्या बसल्या त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची दिपमाला ओरडली, "नाना, आले का तुमचे भाऊ? सम्दी गल्ली वाट पाहू राह्यली!"

"तुले कोनं सांगितलं?"

"अहो, तिथं लिहिलेलं सगळ्यांले दिसतं! तुमचे व्याही बी रोज वाचतात. अन् तो भाऊ मशीन हाये, नाना!"

नाना गारठले. यंत्राचं काही नाही, पण व्याही? सगळं पुसून टाकावं म्हणून त्यांनी मोबाइल काढला, बोटही टेकवलं. मग बोट मागे घेतलं. कुंदाला बोललो ते चारचौघांत; आता चारचौघे इथे आयतेच जमलेत. त्यांनी डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत लिहिलं, "भाऊ, तुम्ही मशीन असा नाहीतर मानूस. भरीत ठेचता ठेचता माझा खांदा गेला. कुंदाचा कधीचाच गेलता, म्हनून तिनं मिक्सर लावला. मी पाहुन्यांत तिची फजिती केली. चुकलं माझं. व्याहीबुवा, तुम्ही बी वाचा."

"समुद्र कधी मिठाची चौकशी करत नाही," सुवचनधारेने गंभीरपणे कळवलं.

त्याखाली आणखी एक ओळ उमटली. नाव होतं कुंदाबाई पाटील. "भाऊ, तुम्ही मशीन हाये हे मले पयल्या दिवसापासून माहीत. त्यांले सांगा, बाकीची वांगी मिक्सरले लावून टाका म्हना."

"चंद्राला त्याच्या सावलीचं वय विचारू नये," यंत्राने त्यांनाही ऐकवलं.

नानांनी मान वर केली. कुंदाबाई तेलाची बाटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"कोन्ता खांदा?" त्यांनी विचारलं.

नानांनी बाटली त्यांच्या हातातून घेतली, झाकण उघडलं आणि तसेच थांबले.

"माझं राहू दे," ते म्हणाले. "तुझा कोन्ता?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना ते माहीतच नव्हतं.